पोस्टकार्ड आणि पिग्मी: माझ्या नणंदेचं सुटलेलं चित्र परत कसं सुरू झालं

फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी चित्रकला शिकवते, एकवीस वर्षं झाली, आणि या वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "टीचर, शाळेत असताना मी पण मस्त चित्रं काढायचे हो, मग सुटलं". पालकसभेला आलेल्या आया म्हणतात, लग्नात पंगतीला शेजारी बसलेली बाई म्हणते. सुटलं ते परत धरायचं कसं हे मात्र मला सांगता यायचं नाही, कारण मी शिकवते मुलांना, त्यांचा चित्रकलेचा तास टाइमटेबलात असतोच, घंटा झाली की कागद समोर येतो. मोठ्या माणसाची घंटा कोण वाजवणार? हे मला घरातच बघायला मिळालं, माझ्या नणंदेमुळे, म्हणून तिची केस पहिल्यापासून लिहितेय, चुकांसकट. तिनं वाचून हो म्हटलंय, फक्त नाव नको म्हणाली.

नणंद ४१ वर्षांची, लग्न केलं नाही, माशेलच्या घरात आमच्याबरोबरच असते, आणि फोंड्याला एका क्रेडिट सोसायटीत कॅश काउंटरला बसते. लहानपणी हात खरंच चांगला होता. सासऱ्यांनी जुने दिवाळी अंक जपून ठेवलेले, दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं असलेले, आणि दलाल जन्मानं मडगावचे, १९१६ चे, त्यामुळे सासऱ्यांना ते आपल्या घरचेच वाटायचे. ही त्या मुखपृष्ठांवरच्या बायका बघून बघून वहीत उतरवायची, साडीचा काठसुद्धा सोडायची नाही. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड आली. मग बी.कॉम., नोकरी, सासऱ्यांचं आजारपण, आणि वीस वर्षं पेन्सिलीला हात नाही.

मधे तीन वेळा तिनं सुरू करून बघितलं होतं हे मला नंतर कळलं. एकदा लाकडी पेटीतले भारी वॉटरकलर आणि ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कागदाचा पॅड आणला, तो "चांगल्या चित्रासाठी" कपाटात ठेवला. एकदा पणजीला दोन शनिवार-रविवार वर्कशॉप केलं, तिथं मजा आली पण घरी आल्यावर काय काढायचं तेच कळेना. तिसऱ्यांदा मोबाइलवर बघून ३० दिवस रोज एक चित्र असं घेतलं, सहाव्या दिवशी संध्याकाळी काउंटरला कॅश जुळेना, घरी पोचायला साडेआठ, त्या दिवशी चित्र झालं नाही आणि सातव्या दिवशी "आता तुटलंच ना" म्हणून सोडून दिलं.

मे महिन्यात पावसाळ्याआधीची आवराआवर करताना तो पॅड सापडला. वरवर पांढरा दिसत होता, नीट बघितलं तर कोपऱ्यात बारीक तपकिरी ठिपके. तिनं तिथल्या तिथं निळा रंग पाण्यात पातळ करून एक हात मारून बघितला तर रंग सपाट पसरायच्या ऐवजी जागोजागी आत शोषला जाऊन डाग पडले, टीपकागदावर शाई सांडल्यासारखे. वॉटरकलरच्या कागदाला जिलेटिन किंवा स्टार्चचं सायझिंग दिलेलं असतं, त्यामुळे पाणी थोडा वेळ वर राहतं आणि आपल्याला रंग हलवायला मिळतो. गोव्याच्या दमट हवेत कपाटात चार पावसाळे काढले की ते सायझिंग मरतं, बुरशी धरते. म्हणजे जपून ठेवलेला कागद जपल्यामुळेच गेला. ती काही बोलली नाही, पॅड मिटून रद्दीत टाकला.

त्या रात्री जेवताना मी म्हटलं, आपण सगळ्यात स्वस्त कागदापासून सुरू करूया, पोस्टकार्ड. ५० पैशांचं साधं पोस्टकार्ड, १४ बाय ९ सेंटिमीटर. वीस कार्डांचे १० रुपये. वाया गेलं तर काय जाणार? आणि एवढ्याशा जागेत एकच वस्तू मावते, त्यामुळे कंपोझिशन, बॅकग्राउंड असले प्रश्न येतच नाहीत. पेन काउंटरवरचंच बॉलपेन, म्हणजे खोडता येणार नाही. विषय काउंटरवरच्या वस्तू. वेळ डबा खाऊन झाल्यावरची पंधरा मिनिटं. रोज काढ असं मी मुद्दाम म्हटलं नाही, वीस कार्डं झाली की प्रोजेक्ट संपला एवढंच म्हटलं, मग ती पंचवीस दिवसांत होवोत नाहीतर दोन महिन्यांत. आधीचे तिचे तिन्ही प्रयत्न मला असे दिसले की त्यांना एकतर शेवटच नव्हता नाहीतर एक दिवस चुकला की सगळंच फुकट.

हे ऐकून ती म्हणाली, "वयनी, ही पिग्मीच झाली की." आणि तिनं मला पिग्मी समजावून सांगितली, जी मी जन्मभर ऐकत आलेय पण कधी विचार केला नव्हता. दुकानदार, रिक्षावाला, मासे विकणारी यांच्याकडून रोज थोडे पैसे गोळा करायचे आणि मुदत संपली की एकदम परत द्यायचे, ही स्कीम १९२८ साली उडुपीच्या, पुढे सिंडिकेट बँक झालेल्या बँकेनं सुरू केली, तेव्हा रोजचे दोन आणे घ्यायचे. आपल्याकडे क्रेडिट सोसायट्यांत अजून चालते. "पण यातली खरी गोष्ट पैसे नाहीत," ती म्हणाली, "एजंट. माणूस स्वतःहून बँकेत येऊन रोज वीस रुपये भरत नाही गो, एजंट दारात उभा राहतो म्हणून गल्ल्यात हात घालतो."

मग चित्राचा एजंट कोण? मी होऊ शकले असते, पण मी ड्रॉइंग टीचर, मी बघायला लागले की तिचा हात आखडतो हे आम्हा दोघींना माहीत होतं. सासूबाई झाल्या एजंट. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, चित्रातलं काही कळत नाही असं त्या स्वतःच म्हणतात. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा देवघराशेजारी ठेवला, संध्याकाळी लेक बसमधून उतरून घरी आली की चपला काढायच्या आत हाक, "आयचें कार्ड खंय गो?" (आजचं कार्ड कुठं गं?) कार्ड असलं तर घेऊन बघून डब्यात टाकायचं. नसलं तर "बरें, फाल्यां", म्हणजे उद्या, म्हणून परत जपमाळ. रागावणं नाही, शाब्बास नाही. ही या केसमधली सगळ्यात महत्त्वाची नेमणूक असं माझं ठाम मत आहे.

पहिलं कार्ड तारखेचा शिक्का. छोटी चाकं असतात ना त्याला, दिवस-महिना-वर्ष फिरवायची, ती काढताना तिनं सगळे आकडे काढायचा प्रयत्न केला आणि शाईचा गोळा झाला. दुसरं किल्ल्यांचा जुडगा, तिसरं नोटा मोजताना बोटात घालतात ती रबरी टोपी, हे फार सुंदर होतं, त्याच्यावरचे बारीक दाणेसुद्धा दिसत होते. मग छत्री, डबा, स्टॅपलर, पाणी पिऊन ठेवलेली बाटली. अकरावं कार्ड नोटा मोजताना बोट ओलं करायची स्पंजची वाटी, प्लास्टिकची, गोल, आत हिरवा स्पंज एका बाजूनं झिजलेला.

इथं मी चूक केली. संध्याकाळी सासूबाईंच्या हातातून ते कार्ड घेऊन मी म्हटलं, "छान आहे, फक्त वरचा इलिप्स, लंबगोल, आणि खालचा इलिप्स मॅच होत नाही, खालचा जरा जास्त गोल हवा, हे बघ," आणि पेन्सिल घेऊन कार्डाच्या कडेला दोन रेषांत दाखवलं. बरोबरच होतं ते. गोल वस्तू डोळ्यांच्या पातळीपासून जितकी खाली तितकी ती जास्त उघडी दिसते, मी नववीच्या मुलांना हेच शिकवते. पण त्याच्यानंतर नऊ दिवस कार्ड आलं नाही. सासूबाई विचारायच्या, ती "आज काम होतं" म्हणायची. तिच्या त्या कार्डावर मी रेघ ओढली होती. शाळेत मुलाच्या चित्रावर मी कधी स्वतः रेघ मारत नाही, वेगळ्या कागदावर दाखवते, आणि घरात मात्र मारली. मला अजून वाईट वाटतं.

परत सुरू झालं ते वेगळ्याच कारणानं. सासूबाईंना डब्यात कोरी कार्डं दिसली, त्यांनी त्यातलं एक घेऊन बेळगावच्या भावाला खुशालीचं पत्र लिहायला घेतलं. नणंद बघून म्हणाली, "आई, तें म्हजें कार्ड," आणि त्या रात्री स्वयंपाकघरात बसून तिनं लिहिणाऱ्या आईच्या, टेबलावर काढून ठेवलेल्या चष्म्याचं चित्र काढलं. वीस कार्डं पुरी व्हायला साडेपाच आठवडे लागले. शेवटचं कार्ड डब्यात पडलं तेव्हा आम्ही सगळी कार्डं सोप्यावर पसरून बघितली, मी तोंड बंद ठेवलं.

दुसरा प्रोजेक्ट तिनं स्वतः ठरवला, चवथीची माटोळी. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला रानातली, परसातली फळं-फुलं बांधतात ती माटोळी, तिच्यातल्या बारा वस्तू, रंगात. आता पोस्टकार्ड चालणार नव्हतं, वॉटरकलरनं ते भिजून वाकडं होतं, म्हणून एक ए-सिक्स मापाचा छोटा पॅड घेतला आणि पहिल्या दिवसापासून तो झिप लावायच्या प्लास्टिक पिशवीत, आत औषधाच्या बाटल्यांतून काढलेल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून. माशेलच्या बाजारात चवथीआधी रानातनं आणलेल्या वस्तूंचे ढीग लागतात तिथं ती यादी घेऊन गेली, आंबाडे, सुपारीचं शिंपटं, कांगण्यांचे घोस, घागऱ्यो, नारळाची पेंड.

कवंडळाचं चित्र मी जवळून बघितलं. कवंडळ म्हणजे लिंबापेक्षा थोडं मोठं रानवेलीचं फळ, पिकलं की असं लाल की बाकी सगळं फिकं वाटावं, आणि वर नारिंगी रेघा उभ्या. तिनं आधी लाल घातला तर तो मातकट दिसायला लागला. दुसऱ्या कागदावर आधी पूर्ण पिवळा पातळ हात दिला, तो खडखडीत वाळू दिला, त्या दिवसांत वाळायला किती वेळ लागतो ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको, पंख्याखाली ठेवूनसुद्धा वीस मिनिटं, आणि मग वरून लाल, रेघांच्या जागा सोडत. खालचा पिवळा वर आलेला लाल जिवंत झाला. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. बाराऐवजी दहाच वस्तू झाल्या, दोन वाळून काळ्या पडल्या. माटोळीचा हा फायदा, वस्तूच थांबत नाही, त्यामुळे "नंतर करू" म्हणता येत नाही.

मग मात्र गडबड झाली. दहा चित्रं फॅमिलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली. अंगठे, फुलं, टाळ्या. एका काकांनी लिहिलं फ्रेम करून विकायला लाव, मावसबहिणीनं मुलाचं पोर्ट्रेट मागितलं. कोणाचा हेतू वाईट नव्हता, सगळे मनापासून खुश होते. पण त्या आठवड्यात नणंदेनं तिसरा प्रोजेक्ट जाहीर केला, फोंडा महालातली ४० देवळं, आणि तेही ग्रुपवरच जाहीर केला.

सहा झाली. मंगेशीचा दीपस्तंभ सात मजल्यांचा, त्याला तीन रविवार गेले, एक मजला दुसऱ्यावर नीट बसेना. म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशीची तळी. प्रत्येक ठिकाणी बस बदलायची, मागे माणसं उभी राहून बघणार, पंधरा मिनिटांत काही होत नाही, आणि रविवार म्हणजे घरातली कामं. दिवाळी गेली, सोसायटीत हाफ इयरचं काम निघालं, ग्रुपवर कोणीतरी विचारी "देवळं कुठवर आली?" आणि तिला मेसेज उघडायची भीती वाटायला लागली. सासूबाईंनी पण विचारणं बंद केलं, त्यांना वाटलं लेक दमलीय.

डिसेंबरात मी तिला विचारलं, मुदतीआधी पिग्मी बंद करता येते ना? म्हणाली, येते, अर्ज द्यावा लागतो. मग सहा देवळं एका लिफाफ्यात घातली, तिनं वर लिहिलं "६/४०, बंद", खाली तारीख आणि सही. ऐकायला छोटी गोष्ट वाटेल पण अर्धवट टांगलेलं काम आणि बंद केलेलं काम यात फार फरक आहे, टांगलेलं रोज डोक्यात भाडं मागतं.

त्याच दिवसांत तिला वाटायचं की आपल्यात चिकाटीच नाही, २१ दिवसांत सवय लागते म्हणतात आणि आपल्याला सहा महिन्यांत लागली नाही. ते २१ दिवस एका प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० मधल्या म्हणण्यातून आले, मॅक्सवेल मॉल्ट्झ त्यांचं नाव, ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला निदान तेवढे दिवस लागतात असं त्यांना दिसलेलं. प्रत्यक्ष मोजलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २०१० चा पेपर आहे, ९६ माणसं, १२ आठवडे, खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एखादी नवी सवय. मधला आकडा ६६ दिवस आला, पण माणसामाणसात १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक, यातला मोठा आकडा गणितानं पुढे ताणून काढलेला. साधी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, अवघड गोष्टीला वेळ लागला. आणि एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. हे शेवटचं वाक्य मी तिला दोनदा वाचून दाखवलं.

तिनं तोवर कुठंतरी ऑन कावाराबद्दल वाचलेलं. ४ जानेवारी १९६६ पासून हा जपानी चित्रकार कॅनव्हासवर नुसती त्या दिवसाची तारीख रंगवायचा, त्याच दिवशी पूर्ण झाली नाही तर ते चित्र नष्ट करायचा. तिला तो नियम फार आवडला, तारखेचा शिक्का मारणारी बाई ती. मी नको म्हटलं. ज्याचा सगळा दिवस चित्रासाठी आहे त्याचा तो नियम, कॅश जुळेपर्यंत उठता न येणाऱ्या माणसानं तो घेतला तर तो नियम दोन आठवड्यांत त्याचीच चित्रं फाडेल. मी तिला आपल्या गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची आठवण करून दिली (१९२६ ते २०११). चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही, लहानपणी भिंतींवर काढायचे म्हणून आईनं कोरी वही आणून दिली, आणि तरुणपणी लोटली गावातल्या घरात डायऱ्या चित्रांनी भरायचे, गावातली माणसं, पाद्री, शेजारी, घरातली मंडळी. समोर येईल तेच.

जानेवारीत चौथा प्रोजेक्ट, हात. काउंटरच्या खिडकीतून तिला दिवसभर दिसतात ते हातच, चेहरा नंतर. तीस हात, आठवणीतनं, घरी येताना बसमध्ये. गिऱ्हाइकाचा चेहरा काढायचा नाही, नाव नाही, सोसायटीचा कागद नाही, हे तिनं स्वतःच ठरवलं, लोकांच्या पैशाचं काम आहे ते. ग्रुपवर तीस होईपर्यंत काही टाकायचं नाही. सासूबाई परत कामावर रुजू.

हे तीस हात माझ्या मते तिचं आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं काम. सही करताना करंगळी वर धरणारे एक मास्तर, अंगठा उठवून झाल्यावर तो लुगड्याला पुसणारी म्हातारी, मासेवालीच्या बोटांच्या पेरांवरच्या पाण्यानं पडलेल्या सुरकुत्या, म्हार्दोळहून येणारी एक फुलकार, जिची बोटं नोटासुद्धा जायो, म्हणजे जाईची फुलं, गुंफल्यासारख्या मोजतात. बस खड्ड्यातून गेली की रेघ उडते, ती तशीच ठेवलीय. तीस हात पुरे व्हायला बावन्न दिवस लागले, मधे एकदा सलग सहा दिवस काही नाही, ताप होता, आणि सातव्या दिवशी तिनं काढलं. मला त्या सातव्या दिवसाचं कौतुक तिसांपेक्षा जास्त आहे.

दुसऱ्या कोणाबरोबर हे परत करायचं झालं तर मी दोन गोष्टी बदलेन. पहिला प्रोजेक्ट संपेपर्यंत चूक दाखवणार नाही, विचारल्याशिवाय तर नाहीच. आणि पुढच्या प्रोजेक्टचं माप घेताना आधीचा प्रोजेक्ट कुठं बसून, किती मिनिटांत झाला ते बघेन, कौतुक किती झालं ते नाही. देवळांच्या वेळी हे मला दिसत होतं आणि मी तिचा उत्साह बघून गप्प राहिले. एजंट मात्र असाच शोधेन, रोज भेटणारा, प्रेमाचा आणि चित्रातलं न कळणारा.

शिगमो झाल्यावर एका संध्याकाळी मी पेपर तपासत बसले होते. नणंद तो बिस्किटांचा डबा घेऊन आली, त्यातनं अकरावं कार्ड काढलं, स्पंजची वाटी, कडेला माझी पेन्सिलीची रेघ तशीच. म्हणाली, "वयनी, खालचा जास्त गोल का म्हणालीस त्या दिवशी?" मी स्वयंपाकघरातून स्टीलची एक वाटी आणली, टेबलावर ठेवली, तिला आधी उभं राहून आणि मग खुर्चीत बसून बघायला लावलं. मग खाली जमिनीवर बसून, डोळे वाटीच्या कडेला आणून. तिथं गोल मिटून एक रेघ होते. "अगो, हें तर सोपें," म्हणाली. त्या रात्री तिनं पाठकोऱ्या कागदांवर बारा वाट्या काढल्या, मी वेगळ्या कागदावर बारा काढल्या, आणि सासूबाईंनी दोघींचेही कागद डब्यात टाकले.